स्वर केशरी, व्यंजने पांढरी

दिवाळी तोंडावर आली की आपल्या मध्यमवर्गीय घरांना रंगाचे वेध लागतात. भिंतींना डिस्टेंपर, खिडक्यांना ऑइलपेंट, तुळशीवृंदावनाला गेरू आणि अंगणात रांगोळी. जे जे फिके पडले असेल त्याला त्याला या दिवसांत न्याय मिळतो. न्याय मिळत नाही तो फक्त एका वस्तूला. टेबलाच्या कोपऱ्यात जुन्या उशीच्या अभ्र्याखाली झाकलेला संगणक, त्याचा पिवळा पडलेला कीबोर्ड आणि हाताच्या घामाने काळवंडलेला माउस यांच्याकडे कुणी ब्रश घेऊन वळत नाही. ‘प्लास्टिक आहे ते, त्याला रंग थोडाच धरतो!’ असे म्हणून आपण त्यांना भंगारवाल्याची वाट पाहायला लावतो.

वाचकहो, यंदा या उपेक्षितांची बाजू मांडावी असे मी ठरविले आहे. प्लास्टिकला रंग धरतो. पण तो कोणत्या प्लास्टिकला, कोणता आणि कसा, हे आधी समजून घ्यावे लागते.

मी हे लिहीत आहे सावलीहून. शहरातल्या वाचकांना आमचे गाव कुठे आहे ते सांगावेच लागते. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघालात की वैनगंगा ओलांडण्यापूर्वी आम्ही लागतो. मुलूख धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. गावाची जुनी ओळख मात्र खादीची. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन येथे भरले होते आणि खुद्द गांधीजी त्याला आले होते. आजूबाजूच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात आणि त्या कोशांचे रेशीम निघते. तेव्हा सूत आणि रेशीम, दोन्ही आमच्या परिसरातली. ज्या मुलखात ही दोन्ही आहेत तेथे रंगाचा एक कायदा निरक्षर बाईलाही ठाऊक असतो. तो असा की, सगळ्या धाग्यांना एकच रंग चालत नाही. पळसाच्या फुलांचा केशरी रंग सुती कापडावर नुसता बसविला तर दोन धुण्यांत पळून जातो. त्याला तुरटीची मध्यस्थी लागते. टसर हे प्राणिज, म्हणून त्याची रंगाशी वागण्याची तऱ्हा सुताहून निराळी. थोडक्यात, रंग आणि वस्तू यांची पत्रिका जमावी लागते.

प्लास्टिकची पत्रिका कुणाशी जमते हे कळायला माणसाला बराच काळ लागला. कृत्रिम रंगांचा जन्मच मुळी अपघाताने झाला. १८५६ साली विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज पोरगा डांबरातून निघणाऱ्या द्रव्यापासून क्विनीन बनवू पाहत होता. ज्या हिवतापाने आमच्या जंगलपट्टीला पिढ्यान्‌पिढ्या छळले, त्याच हिवतापाचे ते औषध. क्विनीन काही झाले नाही. झाला तो सुरेख जांभळा रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. पुढे १९२० नंतरच्या दशकात ॲसिटेटचे नकली रेशीम बाजारात आले, आणि रंगाऱ्यांनी कपाळाला हात लावला. कारण पाण्यात विरघळणारा एकही जुना रंग त्या धाग्याला शिवेना! तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. पाणी ज्याला आवडत नाही अशा धाग्याला, पाणी ज्याला आवडत नाही असाच रंग द्यावा. त्यातून ‘डिस्पर्स’ रंग निघाले. ते पाण्यात विरघळत नाहीत, बारीक भुकटीच्या रूपात पाण्यात तरंगत राहतात, आणि संधी मिळताच पाणी सोडून धाग्यात शिरतात. १९४१ साली इंग्लंडातच व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा शोधला, तोच पुढे ‘टेरिलीन’ म्हणून गाजला. त्यालाही हेच रंग लागू पडले. आपल्या वडिलांच्या पँटी ज्याने रंगल्या, तोच रंग आज कीबोर्डच्या कळांना चालतो, हे या हकीकतीचे मर्म होय.

ही संधी मिळते ती उष्णतेमुळे. प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. थंड असताना तो घट्ट मिटलेला असतो. गरम पाण्यात साखळ्या सैलावतात, मध्ये फटी पडतात, त्यांत रंगाचे कण शिरतात. निवले की दार बंद आणि रंग आत! म्हणून असा रंग पोपडा धरून निघत नाही. तो वर लावलेला नसतो, अंगात मुरलेला असतो. लोणच्याची फोड आणि भज्याचे पीठ यांत जो फरक, तोच येथे.

आता वस्तू ओळखण्याविषयी. कीबोर्ड उलटा करा, माउसचे पोट पाहा. सुटा भाग असेल तर त्याची आतली बाजू पाहा. पुष्कळदा तेथे बारीक इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. ‘एबीएस’ असेल तर तुमचे काम सोपे. संगणकाची बहुतेक कवचे आणि स्वस्त कीबोर्डच्या कळा याच प्लास्टिकच्या असतात. ‘पीबीटी’ असेल तर ते टेरिलीनच्याच कुळातले, पॉलिएस्टरच. त्याला उष्णता अधिक सोसते आणि रंगही पक्का धरतो. मात्र ‘पीपी’ दिसले किंवा वस्तू बोटाला मेणासारखी लागली, तर हात जोडून बाजूला व्हा. पॉलिप्रॉपिलीनला ना असा रंग मुरतो, ना वरून दिलेला साधा रंग टिकतो.

दुसरा नियम साडीवाल्यांना सांगणे नलगे. रंग चढवता येतो, उतरवता येत नाही. पांढऱ्या, राखाडी, बदामी वस्तूला गडद करता येईल. काळ्या कीबोर्डला गुलाबी करू म्हणाल तर तो ऐकायचा नाही. आणि कळांवरची अक्षरे काळ्या शाईची असतील तर रंग बेताचाच हवा, नाहीतर अक्षरे रंगात बुडून जातील आणि घरातला कीबोर्ड पाठांतराच्या परीक्षेला बसेल.

एवढे शास्त्र झाले. आता ते कुणाच्या उपयोगी पडले ते सांगते.

आमच्या ओळीत एक निवृत्त गुरुजी राहतात. वय पंचाहत्तरीला आलेले, एका डोळ्याचा मोतिबिंदू काढलेला, दुसऱ्याचा व्हायचा आहे. चाळीस वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांतून शाळा केली आणि जेथे गेले तेथले शब्द वहीत टिपून ठेवले. आमच्या झाडीपट्टीतले शब्द ते! धानाच्या शेताच्या तुकड्याला ‘बांधी’, तिच्या बांधाला ‘धुरा’, लहान तळ्याला ‘बोडी’, रोपांना ‘पऱ्हे’, लावणीला ‘रोवणा’. अशा अकरा वह्या भरल्या होत्या. गेल्या पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली आणि त्यांतल्या दोन वह्यांची माती झाली. गुरुजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “उरलेले संगणकात घालायचे. वाळवीला तेथे जाता येत नाही ना?”

नागपूरला शिकणारी नात सुटीत आली होती. वसतिगृहात कुणी टाकून दिलेला जुना संगणक तिने आजोबांसाठी आणला. कीबोर्ड मूळचा बदामी, आता हळदीच्या बोटांनी हाताळल्यासारखा पिवळा. फोनला बोलून लिहिण्याचाही प्रयोग झाला. पण गुरुजींनी ‘बांधी’ म्हणावे आणि फोनने ‘बांधली’ लिहावे असे चालले होते. इंग्रजी अक्षरे जुळवून मराठी उमटवण्याची युक्ती नातीने दाखविली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “ज्याने जन्मभर पोरांकडून ळ घोटून घेतला, त्याने तो आता इंग्रजीच्या एलमध्ये शोधायचा का?”

उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे, आपण ते वापरत नाही इतकेच. भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळांची मांडणी १९८६ साली ठरली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. ती प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते. तिची रचना बाराखडी शिकलेल्या माणसाला हसत हसत समजेल अशी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. मधल्या ओळीत ऱ्हस्व इकार, त्याच्या डोक्यावर दीर्घ ईकार. ऱ्हस्व उकार, त्याच्या डोक्यावर दीर्घ ऊकार. क च्या कळीला शिफ्टची जोड दिली की ख, ग चा घ, ल चा ळ. अडचण एवढीच की, कळांवर छापलेली असते इंग्रजी, आणि गुरुजींच्या डोळ्यांना डावे कुठे संपते आणि उजवे कुठे सुरू होते तेच दिसत नव्हते.

तेव्हा मी सुचविले की स्वरांच्या कळा रंगवून टाकाव्या. वरच्या ओळीतल्या डाव्या पाच, मधल्या ओळीतल्या डाव्या पाच आणि अनुस्वाराची एक, अशा एकूण अकरा. ऋकार तेवढा उजव्या कोपऱ्यात बसतो, त्याला तसाच राहू दिला. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिले आणि खास आमच्या बोलीत विचारले, “पलास्टिकले रंग धरते का जी?”

नातीला रंग पिवळा हवा होता. पण वय वाढते तसे डोळ्याचे भिंग स्वतःच पिवळट होत जाते. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला पांढरे आणि पिवळे, किंवा काळे आणि गडद निळे, वेगळे ओळखायला कठीण जाते. म्हणून फुटक्या कीबोर्डच्या कळांवर आधी पिवळा, निळा आणि केशरी असे तीन नमुने केले आणि परीक्षा गुरुजींची घेतली. त्यांनी दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने पाहून केशरी उचलला. म्हणाले, “हा पळस. हा लांबूनही दिसतो.”

आधी पिवळेपणा काढावा लागला. प्लास्टिक पिवळे पडते ते मळाने नव्हे. उन्हातली अतिनील किरणे, उष्णता आणि हवेतला प्राणवायू यांनी एबीएसमधल्या रबरासारख्या भागाचे हळूहळू रूपांतर होते. शिवाय आग लागू नये म्हणून कवचांत जी ब्रोमीनयुक्त द्रव्ये घालतात, तीही या पिवळेपणाला हातभार लावतात असे मानतात. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेथे प्लास्टिकने पिवळे न पडावे तर काय करावे? त्यावरचा उपाय २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींनी रूढ केला. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये सुटा भाग बुडवून काही तास उन्हात ठेवायचा. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांना चष्मा मात्र हवाच. रंग उजळतो, पुढे काही वर्षांनी पुन्हा पिवळा होऊ शकतो, हेही सांगून ठेवते.

मग रंगाचे काम. कृती पाककृतीसारखीच लिहिते.

प्रथम कीबोर्डचे छायाचित्र घ्यावे, म्हणजे कोणती कळ कुठली यावरून भांडण नको. संगणकापासून तो सोडवून कळा तारेच्या आकड्याने सरळ वर ओढून काढाव्या. लॅपटॉपच्या कळांना हात लावू नये. त्यांच्याखालची कात्री अतिशय नाजूक असते. कळा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन तेलकटपणा घालवावा. एक जुने स्टीलचे पातेले या कामासाठी कायमचे वेगळे काढावे. मी मुद्दाम सांगते, कायमचे! त्यात पुन्हा दूध तापवायचे नाही. पॉलिएस्टरसाठीचा डिस्पर्स रंगच घ्यावा; सुती कापडाच्या पुड्या येथे कुचकामी आहेत. पाण्यात रंग आणि द्रवसाबणाचे चार थेंब घालून ते ७५ ते ८० अंशांपर्यंत तापवावे. स्वयंपाकघराच्या भाषेत, तळाशी बुडबुडे धरतात पण उकळी फुटत नाही, ते पाणी. एबीएस शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते; उकळत्या पाण्यात कळेची खालची दांडी वाकडी झाली की ती जागेवर बसत नाही. पीबीटी असेल तर पाणी अधिक तापवून अधिक वेळ द्यावा.

आधी एकच कळ टाकावी, जिच्यावाचून कुणाचे अडत नाही अशी. दर दोन-तीन मिनिटांनी काढून पाहावी. हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच रंग थांबवावा. मग बाकीच्या कळा घालून लाकडी काडीने ढवळत राहावे. काढल्यावर कोमट पाण्यात निवू द्याव्या, साबणाने धुवाव्या, एक दिवस सावलीत वाळवाव्या. लांबलचक स्पेसबारला गरम पाण्यात घालू नये; तो हमखास वाकतो.

गुरुजींच्या अकरा कळा पाऊण तासात केशरी झाल्या, वरची काळी अक्षरे शाबूत राहिली. दुसऱ्या दिवशी गुरुजी खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिला शब्द लिहिला, ‘बांधी’. ब ची पांढरी कळ, मग काना केशरी, अनुस्वार केशरी, शिफ्ट दाबून ध ची पांढरी, आणि शेवटी ईकार केशरी. त्यांना त्यासाठी चार मिनिटे लागली. त्यांनी तो शब्द मोठ्याने वाचला, जसा ते वर्गात वाचत असतील तसा. कोजागिरीपर्यंत त्यांची अडीच पाने झाली होती. नऊ वह्यांपुढे अडीच पाने म्हणजे फार नव्हे. पण नात म्हणते, आबाजी आता कळा शोधत नाहीत, शब्द शोधतात.

माउस, स्पीकर, पडद्याची चौकट अशा मोठ्या वस्तू पातेल्यात मावत नाहीत. त्यांना वरून फवाऱ्याचा रंग द्यावा. येथे सगळे यश पूर्वतयारीत असते. वस्तू उघडून कवच वेगळे करावे, धुऊन वाळवावे, ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. पुसायला थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे पाणी वापरू नये. त्यातले ॲसिटोन एबीएसला अक्षरशः विरघळवते. आमच्या शेजारच्या एका भाच्याने हौसेने माउस चकचकीत करायला घेतला आणि त्यावर आपल्या अंगठ्याचा कायमचा ठसा उमटवून घेतला. मग प्लास्टिकचा प्रायमर, त्यावर वीतभर अंतरावरून पातळ पातळ तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा, आणि शेवटी पारदर्शक वार्निश. जाड एकच हात दिलात तर ओघळ येतील. माउसच्या पोटाखालची काच, हवेची भोके आणि तारांची तोंडे चिकटपट्टीने झाकून घ्यावी. विजेच्या अडॅप्टरला मुळीच रंगवू नये. त्याला आपली उष्णता बाहेर टाकायची असते आणि त्यावरच्या सूचना दिसायला हव्या असतात. बिनतारी उपकरणावर धातूच्या भुकटीचा सोनेरी-रुपेरी रंगही टाळावा, तो लहरींच्या आड येतो.

आता दोन गोष्टी गृहिणींना आणि घरातल्या कर्त्यांना निक्षून सांगायच्या आहेत. फवाऱ्याच्या डब्यातला वायू आणि त्यातली द्रव्ये भडकन पेट घेतात. दिवाळीच्या दिवसांत अंगणात पणत्या असतात, मुलांच्या हातात फुलबाज्या असतात. म्हणून हे काम वसुबारसेच्या आधी उरकावे, भर दिवसा, मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून. दुसरे असे की, उरलेले रंगाचे पाणी विहिरीत, बोडीत, तलावात ओतू नये. आमच्या गावांचे जगणे त्या तलावांवर आहे, आणि तुमच्या शहरातली गटारेही शेवटी कुठल्यातरी नदीलाच मिळतात. रंग कमीच कालवावा, आणि एकाच पाण्यात दोन-तीन घरांच्या कळा काढाव्या, म्हणजे उरणारच थोडे.

आणि जी वस्तू खरोखरच कामातून गेली, ती पालापाचोळ्याबरोबर जाळू नये. ज्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांचा मी वर उल्लेख केला, त्यांचा धूर विषारी असतो. २०२३ च्या १ एप्रिलपासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत. अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच तो सोपवावा.

१९९८ साली ॲपलने निळसर पारदर्शक आयमॅक काढला, तेव्हा संगणकालाही रंग असू शकतो याचे जगाला केवढे कौतुक वाटले! आपल्याकडे तर पातळ विटले की रंगवून नेसणाऱ्या आणि ते फाटले की त्याची गोधडी शिवणाऱ्या आयाबाया घरोघर होत्या. त्यांचीच रीत आता एका नव्या वस्तूला लावायची आहे. मात्र नुसत्या शोभेसाठी रंगवू नका. घरात ज्याला दिसत नाही, ज्याला सापडत नाही, जो शिकायला बिचकतो, त्याच्यासाठी रंगवा. लहान मुलाला शिफ्टची कळ सापडत नसेल तर ती हिरवी करा. आईला फोनसारखी एकच कळ पुरत असेल तर ती एकच लाल करा. पन्नास रुपयांची पुडी आणि एक दुपार एवढाच खर्च आहे.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरेल, झाडीपट्टीच्या नाटकांचे रंगवलेले पडदे वर जातील आणि रात्रभर गावे जागतील. तोवर तुमचेही रंगकाम आटोपलेले असो. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि सुरक्षित जावो.